मी कुठे नाही म्हणतोय?

माझा दादा कुणालाच नाही म्हणत नाही. शेजारच्या काकांची ट्यूब उडालेली असो, तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना दवाखान्यात न्यायचं असो, दादा हजर. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस तो. दिवसभर लिफ्टच्या अंधाऱ्या विहिरीत तेलाने माखून घरी येतो, आणि तरी खालून कुणी हाक मारली की चहा अर्धा टाकून चपला घालतो. अख्खी इमारत त्याला देवमाणूस म्हणते. वहिनीने काही विचारलं तर तो तिलाही नाही म्हणत नाही. ‘मी कुठे नाही म्हणतोय?’ एवढंच म्हणतो. मी त्याची सख्खी बहीण आहे म्हणून सांगते, हे वाक्य ज्या बाईने वर्षानुवर्षं ऐकलंय तिला कुणी सरळ नकार दिला तर ती पेढे वाटेल.

वहिनी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायला असते. अंधाऱ्या खोलीत लोकांना खुर्चीवर बसवायचं, भिंग बदलत राहायचं आणि ‘आता स्पष्ट, की आधी स्पष्ट?’ असं शांतपणे विचारायचं, हे तिचं काम. सुट्टीच्या दिवशी ती व्हॉलीबॉलची पंच असते. नेटच्या टोकाला शिडीसारखं उंच स्टँड असतं, त्यावर चढून गळ्यातली शिट्टी तोंडात धरली की आमची वहिनी बदलते. एरवी एका जागी तिचा पाय ठरत नाही, पायाला भिंगरी लावल्यासारखी घरभर फिरते. वर चढली की खांब.

मी खाली टेबलाशी गुण लिहायला बसते. माझं तोंड फटकळ आहे, म्हणून वहिनीनेच मला तिथे बसवलंय. गुण लिहिणाऱ्याने बोलायचं नसतं, हा नियम तिने मला तीनदा समजावलाय. वहिनीचा निर्णय पटला नाही की प्रेक्षकांतून हमखास ओरड येते, डोळे तपासून घे म्हणून. वहिनी खाली उतरल्यावर मला हळूच सांगते, ‘वन्सं, तो निळ्या शर्टवाला ओरडत होता ना, त्याचा नंबर मीच काढलाय. चष्म्याशिवाय त्याला नेटसुद्धा दिसत नाही.’ आणि मग आम्ही दोघी पाण्याच्या नळाशी उभ्या राहून पोट धरून हसतो.

ती पंच झाली तीही गंमतच. कॉलेजात खेळायची, मग गुडघा गेला, मग लग्न, मग जे होतं ते. एकदा दुकानामागच्या मैदानावर सामना चालू होता आणि पंच आलाच नाही. दोन्ही संघ एकमेकांच्या अंगावर धावून जायच्या बेतात होते. वहिनी डबा खाऊन हात धुवायला बाहेर आली होती. ती म्हणाली, मी बघते. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर उभी राहिली आणि ओल्या हाताने पूर्ण सामना काढला. त्या दिवशी घरी आली ती नाचतच आली. पुढे तिने परीक्षा दिली, पांढरा पोशाख शिवून घेतला, आणि दादाला विचारलं, मी दर रविवारी गेले तर चालेल ना? दादाने वर्तमानपत्र न हलवता ते वाक्य पहिल्यांदा म्हटलं.

तेव्हापासून दादाचं नाही म्हणणं कशाकशातून यायचं ते ऐका. तिचा सामना असेल त्या दिवशी स्कूटर नेमकी सर्व्हिसिंगला गेलेली असायची. तिचा सामना असेल त्या दिवशी त्याची कंबर धरायची. मावशीच्या घरच्या सगळ्यांना जेवायला बोलवायचं ते त्याच दिवशी, आणि तेही त्याला सकाळी आठवायचं. पाहुण्यांसमोर तो हसत हसत सांगायचा, ‘आमच्याकडे शिट्टी वाजल्याशिवाय कुणी जेवायला बसत नाही.’ पाहुणे हसायचे. वहिनीही हसायची, पण ती ताटं उचलताना आवाज जरा जास्त व्हायचा. ती भांडायला गेली तर भांडणार कशाशी? माणूस काही बोललाच नव्हता. ताकास तूर लागू द्यायचा नाही, आणि वर चेहरा असा की सगळा त्रास यालाच होतोय. आईसुद्धा आधी त्याच्याच बाजूची होती. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या कशाला भाजायच्या, असं म्हणायची. पण आईने ते वहिनीच्या तोंडावर म्हटलं, वहिनीने तिला तोंडावर उत्तर दिलं, दोघी दोन दिवस अबोला धरून बसल्या आणि तिसऱ्या दिवशी विषय मिटला.

मला विचाराल तर दादाला खेळाचं वावडं नव्हतं. त्याला रविवार हवा होता, आणि त्या रविवारात वहिनी. पण मागायला गेलं तर समोरचा नाही म्हणू शकतो. म्हणून त्याने कधी मागितलंच नाही. नुसतं तोंड पाडून बसला. मला त्याची दया यायची आणि त्याच वेळी त्याच्या डोक्यात वरवंटा घालावासाही वाटायचा.

गेल्या वर्षी वहिनीला वरच्या श्रेणीसाठी बोलावणं आलं. आतापर्यंत ती गावातले, शाळा-कचेऱ्यांचे सामने घ्यायची. वरची श्रेणी मिळाली की मोठ्या स्पर्धा, दुसऱ्या शहरांतले सामने. अट एकच, परीक्षक येऊन तिचा एक पूर्ण सामना बघणार. आमच्या संघटनेत वरच्या श्रेणीला वयाची मर्यादा आहे आणि वहिनी त्या मर्यादेला टेकली होती. म्हणजे आत्ता झालं तर झालं, नाहीतर कायमचं राहिलं. सामना ठरला तोही बँक विरुद्ध कारखाना, अंतिम. या दोन संघांचं विळ्याभोपळ्याचं नातं.

तो आठवडा वहिनीने आम्हाला भंडावून सोडलं. भाजी चिरता चिरता सुरी खाली ठेवायची आणि हाताने ‘चेंडू बाहेर’ची खूण करायची. आईने मीठ मागितलं तर हिचा हात ‘नेटला स्पर्श’ दाखवायचा. रात्री गॅलरीत येरझाऱ्या. मला फोन करून विचारायची, अमुक झालं तर काय द्यायचं, आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच उत्तर द्यायची. दादा हे सगळं बघत होता. त्याने एकदाही विचारलं नाही की रविवारी काय आहे.

रविवारी सकाळी मी तिला घ्यायला गेले तर दारातच डिस्टेंपरचा डबा. आत दोन रंगारी. कपाटं, पलंग, टीव्ही, सगळं खोलीच्या मधोमध ढीग करून वर चादरी टाकलेल्या. दादा बनियनवर, हातात पत्र्याची खरवडणी. रंगारी आजच मोकळा होता म्हणे. वहिनी त्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून आपला पांढरा पोशाख शोधत होती. मी दादाकडे बघितलं. मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, ‘अगं, जाऊ दे की तिला. मी कुठे नाही म्हणतोय?’

वहिनीला पोशाख सापडला. चुरगळलेला, एका बाहीवर रंगाचे ठिपके. तिने तो झटकला, आतल्या खोलीत जाऊन घातला आणि जिना उतरायला लागली. स्कूटरची किल्ली मागितली नाही. आई मात्र स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून दादाला म्हणत होती, बायकोची आज परीक्षा आहे आणि तू भिंती खरवडतोयस, लाज नाही वाटत? जिन्यात आम्हाला एवढंच ऐकू आलं. रस्ताभर वहिनी माझ्यापुढे दहा पावलं चालत होती. मी दादाला शिव्या घालत मागून धावत होते.

शाळेचा मोठा हॉल तुडुंब भरला होता. परीक्षक आमच्या टेबलाशेजारीच बसले. अंगाने वाळकुडे, शांत, हातावर हात ठेवलेले. वहिनी स्टँडवर चढली, आणि मी बघितलं, तिच्या बाहीवरचे ठिपके इथून कुणाला दिसणार नाहीत. मला हायसं वाटलं.

पहिले तीन सेट इतके छान गेले की मी मध्ये मध्ये परीक्षकांच्या चेहऱ्याकडे बघत होते. काहीच कळत नव्हतं, पण मान हलत होती. चौथ्या सेटला बँकेच्या उंच गड्याने चेंडू दणकन खाली मारला, हॉल उसळला, आणि वहिनीची शिट्टी झाली. त्याच्या बाहीने नेटला स्पर्श केला होता. मी टेबलावरून बघितला होता तो स्पर्श. पण बँकवाल्यांनी हॉल डोक्यावर घेतला. सगळ्यात मोठा आवाज एका जाड्या माणसाचा, पुढच्याच बाकावर बसलेला. डोळे, चष्मा, स्वयंपाकघर, काय तोंडाला येईल ते. वहिनीने खेळ थांबवला. आयोजकांना बोलावलं, त्या माणसाकडे हात केला, आणि आयोजकांनी जाऊन त्याला समज दिली, पुन्हा बोललात तर बाहेर जावं लागेल. रीतच आहे ती. आधी समज, मग बाहेर. नव्या पोरींना वहिनी स्वतः हेच शिकवते.

जाड्या बसला, पण बसता बसता शेजाऱ्याला म्हणाला, ‘घरी नवरा ऐकत नसेल, म्हणून इथे येऊन शिट्ट्या मारते.’ 

त्याच्या मागच्या बाकावरून दादा उठला.

तो कधी येऊन बसला होता देव जाणे. आईने हाकललं असणार. कोपरावर रंग वाळलेला, पायात घरातल्याच चपला. मला आधी आनंदच झाला, खोटं कशाला बोलू. इतक्या वर्षांत हा माणूस पहिल्यांदा आला होता. पण तो थांबला नाही. बाक ओलांडला, जाड्याची कॉलर धरली, त्याला ओढत पांढऱ्या रेघेच्या आत आणलं आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं ओरडला, ‘माझी बायको आहे ती!’

वहिनीची शिट्टी वाजली. तशी लांब शिट्टी मी तिची कधी ऐकली नव्हती. तिने दादाकडे बघितलं. मग हात सरळ केला आणि दाराकडे दाखवला.

आयोजकांनी दादाचा दंड धरला. तो सोडवून घेईल असं मला वाटलं, पण त्याने जाड्याची कॉलर सोडली, वर स्टँडकडे एकदा बघितलं आणि चपला फरफटत निघून गेला. जाड्या आपला शर्ट नीट करत जागेवर बसला, वर हसला. चोर सोडून संन्याशाला फाशी. मी पेन्सिल इतकी दाबली की टोक मोडलं.

सामना पाचव्या सेटपर्यंत गेला. वहिनीकडून त्यानंतर एक चूक झाली नाही. शेवटचा गुण संपल्यावर बँकेच्या त्या उंच गड्यानेही येऊन तिच्याशी हात मिळवला आणि नेटला बाही लागली होती हे कबूल केलं. मी वह्यापेनं गोळा केली आणि परीक्षकांच्या जवळपास घुटमळत राहिले. झालं, मिळाली श्रेणी, असंच मी धरून चालले होते.

परीक्षकांनी आधी पुष्कळ चांगलं सांगितलं. नजर, खुणा, खेळाची गती राखणं. मग त्यांनी विचारलं, ‘पहिल्या माणसाला तुम्ही समज दिलीत. दुसऱ्याला एकदम बाहेर काढलंत. का?’

‘त्याने कॉलर धरली.’

‘खरं आहे. पण कॉलर धरल्यावर तुम्ही लगेच हात केला नाहीत. आधी त्याच्याकडे बघितलंत, मग हात केलात. तिथे दुसरा कुणी असता तर?’

वहिनीने गळ्यातली शिट्टी काढून मुठीत घेतली. मग म्हणाली, ‘दुसरा असता तर आधी रेघेबाहेर नेऊन समज दिली असती. तो माझा नवरा आहे.’

‘मला तेच म्हणायचंय,’ ते म्हणाले. ‘आपल्या माणसाला सूट दिली असती तर मी नापास केलं असतं. आपल्या माणसाला जास्त शिक्षा दिली, तरी मला तेच करावं लागेल.’

मला त्यांचा गळा धरावासा वाटला. अहो, ज्या घरातून ती आज आली ते घर तुम्ही बघितलंय का, असं सगळं ओठांवर आलं होतं. पण वहिनीने माझ्या मनगटावर हात ठेवला आणि त्यांना म्हणाली, बरोबर आहे तुमचं. त्यांनी वयाचं विचारलं. तिने सांगितलं. त्यांनी मान खाली घातली, वाईट वाटतंय म्हणाले, आणि मला वाटतं त्यांना खरंच वाईट वाटत होतं. त्याचा काही उपयोग नव्हता.

परत येताना ती पुढे नव्हती, माझ्या बरोबर चालत होती, पण एका रेषेत चालत नव्हती. फुटपाथ सोडून रस्त्यावर, पुन्हा फुटपाथवर. मी परीक्षकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. ती मध्येच थांबून म्हणाली, ‘तू त्यांना बोलू नको गं. मला तुझ्या दादाचा चेहरा दिसला आणि सकाळचा रंगारी आठवला. स्कूटर आठवली. मावशीची जेवणं आठवली. हात कधी वर झाला मलाच कळलं नाही.’ मग रडली. तिथेच, एका बंद दुकानाच्या शटरला टेकून. मी तिला इतकी वर्षं ओळखते, पण असं रडताना बघितलं नव्हतं. मी नुसती तिची पिशवी धरून उभी राहिले.

घरात रंगाचा उग्र वास होता. दोनच भिंती झाल्या होत्या आणि रंगारी निघून गेले होते. आई स्वयंपाकघरात पाट टाकून बसली होती. दादा मधल्या ढिगाशेजारी डिस्टेंपरच्या पालथ्या डब्यावर बसला होता. वहिनीने पिशवी खाली ठेवली आणि बसली नाही.

दादाच बोलला आधी. कुणाकडे न बघता म्हणाला, ‘इतक्या वर्षांत एकदा आलो. तुझ्या बाजूने बोललो. आणि तू मला चोरासारखं हात करून बाहेर काढलंस.’

‘चुकलं माझं,’ वहिनी म्हणाली. ‘आधी समज द्यायला हवी होती. त्यावरच त्यांनी मला नापास केलंय. आता पुन्हा परीक्षा नाही.’

दादाने मान वर केली. त्या क्षणी त्याच्या तोंडावर जे आलं ते मी बघितलं. वाईट वाटलंच त्याला, नाही असं नाही. पण त्याच्या आधी, अगदी निमिषभर, खांद्यावरचं ओझं उतरलेल्या माणसाचा चेहरा झाला होता. आता दुसऱ्या शहरांतले सामने नाहीत. आता आहे तेवढंच. मी बघितलं, म्हणजे वहिनीनेही बघितलं असणारच. जन्मभर लोकांच्या डोळ्यांत बघायचं काम आहे तिचं.

‘तुम्हाला बरं वाटलं,’ ती म्हणाली.

‘असं कसं म्हणतेस? मी कुठे...’ दादा म्हणाला.

‘आज द्यायची राहिली, ती समज आता देते,’ वहिनी म्हणाली. तिचा आवाज जराही चढला नव्हता. ‘मी शनिवारी शाळेतल्या मुलींचा सामना घ्यायला जाणार आहे. त्याच्या पुढच्या रविवारीही जाणार आहे. त्या दिवशी तुमची कंबर दुखली तर आई शेक देतील. पाहुणे आले तर तुम्ही वाढाल. तुम्हाला माझं जाणं नको असेल तर तोंडाने नको म्हणा, मी ऐकेन आणि उत्तर देईन. पण पुन्हा रंगारी बोलावलात तर मी बाहेर काढणार नाही. मी बाहेर जाईन.’

दादा हातावरचा वाळलेला रंग नखाने खरवडत राहिला. मी दाराशी होते, निघावं की थांबावं मला कळेना. शेवटी तो म्हणाला, ‘मी नाहीच म्हणत होतो. पहिल्यापासून.’

‘मला ऐकू येत होतं,’ वहिनी म्हणाली, आणि चादर उचलून पलंग ओढायला लागली. दुसऱ्या बाजूने मी धरला. थोड्या वेळाने दादाही उठला.

तो आठवडा त्या घरात कसा गेला ते मला माहीत नाही, मी मुद्दामच गेले नाही. खरं म्हणजे मला भीती वाटत होती. शनिवारी दुपारी जिना चढले तेव्हा उरलेल्या दोन भिंती अजून तशाच खरवडलेल्या होत्या. वहिनी पोशाख घालून वेणी घालत होती, एक पाय सारखा हलत होता. बाहीवरचे रंगाचे ठिपके धुऊनही पूर्ण गेले नव्हते. दादा खुर्चीत बसला होता. वर्तमानपत्र घडी घालून शेजारी ठेवलेलं.

तो तिच्याकडे बघून म्हणाला, ‘मला नाही आवडत तू जातेस ते.’

मी डोळे मिटून घेतले. आता काय होणार म्हणून. पण वहिनीचा हलणारा पाय थांबला. वेणीला रबर लावत ती आरशातूनच म्हणाली, ‘बरं. मी जाते.’

दादाने खिशातून स्कूटरची किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली.

‘पेट्रोल भरलंय,’ तो म्हणाला.